लहानूचा वाटा, नाल्याच्या तोंडाशी

लहानू, तुझ्या तेरवीला पोरांनी तुझा जो फ्लेक्स लावला होता, तो तू पाहायला हवा होतास. फोटो तुझ्या आधार कार्डावरचा, त्यामुळे चेहऱ्यावर कोणीतरी धरून आणल्याचा भाव. आणि मागे समुद्र. निळंशार पाणी, नारळाची झाडं, लाटांच्या वर तुझं डोकं. भंडारा जिल्ह्यात समुद्र कुठून आला हे त्या फ्लेक्सवाल्याला कोणी विचारलं नाही. तू आयुष्यात वैनगंगेपलीकडचं पाणी पाहिलं नव्हतंस, एकदा नागपूरला पोरीला दवाखान्यात नेलंस तेव्हाचा तलाव सोडला तर. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'नदीपुत्र'.

मी मांडवात मागच्या खुर्चीवर बसलो होतो. आमच्यात तेरवी नसते, पण तुझ्यासाठी आलो. जवाहरनगरच्या फॅक्टरीत बत्तीस वर्षं ड्रॉइंग काढण्यात घालवली आणि निवृत्त होऊन करडीकडच्या आपल्या गावात परतलो, तेव्हापासून माझी अर्धी संध्याकाळ तुझ्याशी भांडण्यात जायची. त्यामुळे लोकांनी मला तुझा जिवलग मित्र ठरवून टाकलं होतं आणि भाषणाच्या यादीत माझं नाव परस्पर लिहिलं होतं. माझ्याआधी सहाजण बोलले. सहाही जणांनी सांगितलं की लहानूभाऊंना नदी तळहातासारखी पाठ होती. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच.

तुला नदी पाठ नव्हती. हे मी तुला तोंडावर सांगितलंय, तेव्हा पाठीमागे सांगायला हरकत नाही. गावाच्या खालच्या अंगाला आपला नाला वैनगंगेला मिळतो, ते तोंड यंदा कुठवर सरकेल यावर आपण दर पावसाळ्यात वाद घालायचो, आणि दहातल्या सात वेळा तू साफ चुकायचास. उरलेल्या तीन वेळांचा मात्र गावभर डंका. मी चुकलो की तू माझे कागद मागवून घ्यायचास, उलटे धरायचास आणि म्हणायचास, "आता बरोबर दिसते पाह्य."

ते कागद अजून माझ्याकडे आहेत. नोकरीत असताना कार्तिकात मी एका रविवारी फॅक्टरीच्या क्वार्टरवरून गावी यायचो, काठावरच्या कहूच्या झाडापासून दोरी लावायचो आणि रेतीची त्या वर्षीची कड कागदावर उतरवायचो. अर्जुनाला आपण कहू म्हणतो. ते एक झाड सोडलं तर त्या भागात जागेवर राहणारं काही नाही. पावसाळ्यात नदी फुगली की ती नाल्याचं पाणी मागे रेटते, नाला तुंबतो आणि अंगावरचा गाळ तिथेच टाकतो. पाणी उतरलं की वरून येणारी रेती तोंडावर लांबट पट्ट्यासारखी आडवी बसते. मग नाल्याला सरळ नदीत पडता येत नाही. तो त्या पट्ट्याच्या आडोशाने खाली खाली वाहत जातो, दर वर्षी थोडा आणखी. पाच-सात वर्षांत तोंड कहूपासून इतकं खाली सरकतं की नवखा माणूस त्याला दुसराच नाला समजेल. आणि मग एखाद्या मोठ्या पुरात तो पट्टा फोडून नाला मधूनच बाहेर पडतो आणि सगळी कड नव्याने घडायला लागते.

एवढं आपल्या दोघांना मान्य होतं. वाद पुढचा. फुटल्यावर तोंड कुठे येणार? मी म्हणायचो, जिथे पट्टा पातळ असेल तिथे, त्याला नेम नाही. तू म्हणायचास, कहूखाली येणार. "थे त्याचं घर हाय गा. भटकते, दमते, घरी येते." तुझ्या बापाच्या काळात तोंड कहूखाली होतं, म्हणून ते परत तिथेच येणार, हे तुझं एकूण भूगोलाचं ज्ञान. मी कागदांची चवड तुझ्यासमोर ठेवायचो. इतक्या वर्षांत दोनदा पट्टा फुटला होता आणि दोन्ही वेळा तोंड कहूखाली आलं नव्हतं. तू बिडी विझवून म्हणायचास, "त्याले काम असन दुसरीकडं. येईन." अशा माणसाशी काय बोलायचं?

मांडवात हे कोणी बोललं नाही. सगळे बोलत होते तुझ्या त्यागाबद्दल. सहावा वक्ता वसंता होता. तुझ्या चुलतभावाचा पोरगा, सोसायटीचा सचिव झाल्यापासून जो चहासुद्धा माईक असल्यासारखा मागतो. तो रडलासुद्धा. "लहानूभाऊनं जलमभर सगळ्याइले चांगलं देल्लं, सोता वाईट घेतलं," तो म्हणाला, आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तेव्हा मला हसू आलं, लहानू. मी खोकल्याचं नाटक करून बाहेर गेलो.

कारण वाटणीचं खरं मला माहीत होतं. दिवाळीनंतर रेती उघडी पडली की तुम्हा मासेमार ढिवरांची घरं तिच्यावर डांगरवाड्या लावतात. टरबूज, डांगर, काकडी. रेतीत खड्डे करून शेणखत घालायचं, वेल लावायचे, होळीपर्यंत माल. पण रेतीची कड दर वर्षी वेगळी, त्यामुळे वाटे दर वर्षी नव्याने पाडावे लागतात. वाटे एकाने पाडायचे आणि त्याने शेवटी उरलेला घ्यायचा, अशी तुमच्या आजा-पणजापासूनची रीत. पाडणारा आपोआप न्यायाने पाडतो. चांगली रीत आहे, फॅक्टरीत असती तर बरेच साहेब सुधारले असते. वीसेक वर्षं वाटे तू पाडलेस, टाच रेतीत ओढून रेघा, बेशरमच्या झुडपाच्या काड्या खुणेला. आणि वीसेक वर्षं शेवटी तुझ्या वाट्याला नाल्याच्या तोंडाजवळचा तुकडा उरायचा. चिखल, कुजका पाला, लाकडं, कोणाला नको असलेला. लोकांना वाटायचं, काय माणूस आहे.

एका वर्षी मी ठरल्यापेक्षा एक दिवस आधी आलो. दुपारची वेळ होती. तोंडाजवळच्या तुकड्यावर तू धोतर खोचून उभा होतास आणि काठावरचा सडका पाला, बेशरमचा कचरा, फुटकी टोपली असं ओढून ओढून त्या रेतीवर पसरवत होतास. मी म्हटलं, हे काय? तू दचकला नाहीस. वाकून रेतीत हात घातलास, कोपरापर्यंत, आणि मूठभर काळाभोर गाळ काढून माझ्या नाकाखाली धरलास. "पाह्य. पट्ट्यामागं नाल्यानं कसा गाळ बसवला थो. इतलं खत कोनाच्या वाड्यात हाय?" मग कचऱ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "हे उद्या वाटणी झाली का उचलून टाकतो. तू सांगशीन तं सांग."

मी सांगितलं नाही. उलट एक ओंडका ओढायला हात लावला. हेही मी कबूल करतो.

तर हा तुझा त्याग. बरं, त्यातही तू यशस्वी चोर नव्हतास. त्या तुकड्यात माल खरंच जबर यायचा, पण तो तोंडाचा तुकडा. चार-पाच वेळा तरी फाल्गुनातल्या अवकाळी पावसात नाला फुगला आणि तुझ्या फळाला आलेल्या वेलांतून आरपार गेला. सगळी वाडी नदीत. शेजारच्यांची साधी रेती शाबूत, आणि तू काठावर बसून नदीला आईबहिणीवरून शिव्या देतोस. गाव काय म्हणायचं? बघा, बिचाऱ्याने वाईट तुकडा घेतला आणि त्याचंच नुकसान झालं. दर नुकसानीला तुझी कीर्ती वाढत गेली. फसलेल्या लबाडीचं इतकं पुण्य मिळालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. सरळ कागद काढणाऱ्या माणसाला मात्र गावात 'नकाशेवाला' म्हणून हसायचे. आणि हसण्यात पहिला तू.

वसंताने डोळे पुसले आणि माईक परत जवळ घेतला. म्हणाला, पंचांनी एक ठराव केला आहे. नाल्याच्या तोंडावरचा तुकडा लहानूभाऊंच्या आठवणीसाठी सुमनबाईच्या नावाने कायमचा. तिने आता वाटणीत उभं राहायची गरज नाही. दर वर्षी तो तुकडा तिचाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेरवीच्या मांडवात टाळ्या. सुमन, तुझी पोरगी, नवरा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी माहेरी आलेली, खांबाला टेकून बसली होती. तिने मान खाली घातली. लोकांना वाटलं, पोरीला भरून आलं.

लहानू, फिरत्या नदीवर कायमचा तुकडा. हे फक्त सभेत सुचू शकतं. ज्या जागेची कड दर पावसाळ्यात बदलते, जिथे या वर्षी रेती, पुढच्या वर्षी कंबरभर पाणी, तिथे खुंटा ठोकून एका बाईला बांधायचं आणि बाकी सगळ्यांनी दर वर्षी नवी रेती वाटून घ्यायची. आणि या वर्षी त्या तोंडावर काय होतं ते मी पाहिलं होतं. भाद्रपदातल्या पुरात पट्टा फुटला. पाणी एवढ्या जोराने बाहेर पडलं की मागचा सगळा गाळ धुऊन नेला. खाली उरले गोटे आणि मध्ये एक खड्डा. वर अजून वीतभर पाणी होतं म्हणून काठावरून तो साधा तुकडा दिसायचा. मी बांबू घालून पाहिला, बांबू बुडाला. वसंताचं जाळं त्याच खड्ड्यावर लागतं, त्याला हे माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नये.

आता तुला ते सांगतो जे तुला सांगितलं नाही. पट्टा फुटला आणि तोंड कहूखाली आलं. बरोबर कहूखाली, मुळांना पाणी लागतंय. तू तेव्हा खाटेवर होतास, पाय सुजलेले, दम लागायचा. मी आलो की तुझा पहिला प्रश्न, "पानी उतरलं का? तोंड कुठी हाय?" मी दोन दिवस आधी दोरी लावून आलो होतो. कागद माझ्या पिशवीत होता. आणि मी म्हणालो, "आजून नाई दिसून राहिलं. पानी हाय." तू म्हणालास, "दिसलं का सांगजो." मी बरं म्हटलं. त्यानंतर तू अकरा दिवस जिवंत होतास आणि मी चार वेळा आलो. चारही वेळा तू विचारलंस. चारही वेळा मी पाणी हाय म्हटलं. का? तुझा विजयी चेहरा मला बघायचा नव्हता, एवढंच. दुसरं कारण शोधून मी थकलो आहे. तुला चोर म्हणतो, पण तू कचरा रेतीवर टाकायचास, मी तो मरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत टाकला.

मांडवात माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो. आधी शहाण्यासारखं बोललो. म्हटलं, तोंडावर यंदा गोटे आणि खड्डा आहे, तिथे वेल लागणार नाही, सुमनला इतरांसारखं वाटणीत घ्या. वसंता हसला. "काकाजी, तुमच्या कागदात असन खड्डा. लहानूभाऊनं जलमभर थोच तुकडा घेतला, कदी कुरकुर नाई केली. बापानं घेतला थो पोरीले नोको होईन का?" कोणीतरी मागून म्हणालं, "आन वाटणी आमची हाय. तुमाले त्यात काय?" हेही खरंच. माझ्या आईने तुमच्या वाडीतली टरबुजं डोक्यावरून बाजारात नेली, त्यापलीकडे त्या रेतीवर माझा हक्क कधी नव्हता.

मी गप्प बसू शकलो असतो. तू त्यागी राहिला असतास आणि सुमन खड्ड्यात. मग मी सगळं सांगितलं. कचरा कुठून यायचा, कोण ओढायचं, गाळ कसा दाखवलास, मीही ओंडका ओढला ते. एकेक सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज चढत गेला, आणि मला बरं वाटत होतं, लहानू. हे मला नंतर कळलं. सुमनसाठी उठलो होतो, पण बोलताना मला सुमन आठवत नव्हती. वीस वर्षं तुझं कौतुक ऐकलं होतं, ते सगळं मी त्या माईकवर परत करत होतो.

मांडव पेटला. "मेलेल्या मानसाबद्दल असं बोलून राहिले तुमी?" "तेरवीचं जेवाले आले का शेन खाले?" एका म्हाताऱ्याने काठी उगारली. वसंता हात जोडून म्हणाला, पाहा, हे यांचे मित्र. मी खोटा ठरणार हे उघड होतं. साक्षीदार एकच, तो फ्लेक्सवर समुद्रात उभा.

तेव्हा सुमन खांबापासून उठली. तिने माईक घेतला नाही. म्हणाली, "काकाजी बोलले थे खरं हाय. कचरा बाबाच टाके. मी पाह्यलं हाय." मग पंचांकडे वळून, "मले थो तुकडा नोको. मले वाटणीत उभी राहू द्या."

बापाला भर मांडवात पोरीने चोर म्हटल्यावर ठराव तिथेच बारगळला. लोक जेवले, पण घाईत जेवले. फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरला. आता तो कोणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्रीसारखा टाकला आहे, समुद्राची बाजू वर करून. तुझ्या त्यागाच्या गोष्टी एका आठवड्यात तुझ्या लबाडीच्या गोष्टी झाल्या. ज्यांनी पदर डोळ्यांना लावले होते त्याच बाया आता नळावर सांगतात की आम्हाला पहिल्यापासूनच संशय होता. या लोकांची मला किळस येते. तुला फसवायला यांच्यापेक्षा बरी माणसं मिळाली नाहीत का?

वाटे यंदा वसंताने पाडले. तोंडाचा भाग त्याने वाटणीत धरलाच नाही. तो तुझ्यापेक्षा हुशार आहे आणि म्हणून कमी चांगला. सुमन रांगेत उभी राहिली, तिची पाळी आली तेव्हा तिने मधला एक वाटा घेतला. साधी रेती, ना फार गाळ ना धोका. तू असतास तर तोंड वाकडं करून म्हणाला असतास, इथं काय पिकन? पण पिकेल. पाणी तिथून लांब आहे आणि तिचे खड्डे सरळ ओळीत आहेत. तू तसे कधी काढले नाहीस.

परवा मी तिकडे गेलो. ती शेणखत टाकत होती, हात काळे. मी कडेला उभा राहिलो. काही मदत करू का, म्हटलं. तिने वर पाहिलं नाही. दोन खड्डे भरून झाले. मग म्हणाली, "काकाजी, तुमी खरं बोलले मनून मी बी बोलली. नाई तं नसती बोलली. बाबा लबाड होता, थे आमच्या घरात आमाले मालूम होतं. थे घरातच राहत होतं." टोपलं उचलून ती पुढच्या खड्ड्याकडे गेली. "तुमाले बोलून बरं वाटलं, मले दिसलं. आता जा."

मी निघून आलो. बांधावर बसून हे लिहितो आहे, कारण तुझ्याशी बोलायची सवय सुटत नाही आणि दुसरं कोणी मला इतक्या ठामपणे चूक म्हणत नाही. तोंड कहूखाली आलं आहे, लहानू. तू बरोबर होतास, त्या वर्षापुरता आणि त्या पुरापुरता, पण बरोबर होतास. तुला हे खाटेवर कळायला हवं होतं. तू उठून बसला असतास, बिडी मागितली असतीस, मला दिवसभर छळलं असतंस, आणि कदाचित दोन दिवस जास्त जगला असतास. ते दोन दिवस मी घेतले.

त्या सभेत मला अर्धा तास मिळाला होता. माईक हातात, सगळं गाव समोर. तुझे कचऱ्याचे ढीग सांगितले, तुझ्या चुका सांगितल्या, तुझ्या टाचेच्या रेघासुद्धा सांगितल्या. तू नाहीस म्हणून मला संध्याकाळी कुठे जावं ते कळत नाही, एवढं एक वाक्य सांगायचं राहिलं.